दक्षिणेला पाय

सुजाता सिस्टर पेशंटचं तोंड आधी बघायची नाही, आधी पाय धरायची. चादरीखाली दोन्ही हात घालून टाचा तळहातात घ्यायची आणि जरा वेळ गप उभी राहायची. हात गार असले तर आधी काखेत दाबून ऊन करून घ्यायची. मग वर बघून विचारायची, "काय मामी, आज कसं हाय?" मामी काही सांगो, पायांनी तिला अर्धं आधीच सांगितलेलं असायचं. बैल घेताना आमच्याकडची जुनी माणसं आधी पाठीवर हात ठेवून उभी राहतात, दात नंतर बघतात. तसंच काहीतरी.

तिच्याबद्दल गावात दोन तऱ्हेनं बोलतात. कुणी म्हणतं देवमाणूस, कुणी म्हणतं हिनं बाई मारली. मेलेली बाई माझी बायको, भागीरथा. म्हणून दोन्हीकडचे लोक माझ्याच तोंडाकडं बघतात, म्हातारा काय म्हणतो म्हणून. म्हातारा काय म्हणणार? माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. जे बघितलं ते लिहितो.

सुजाता आमच्याच मुडबीची, बौद्ध वस्तीतली. तिच्या आजीला माझ्या आईनं कधी ओट्यावर चढू दिलं नाही, आणि माझ्या बायकोला हिच्याच हातचं पाणी गोड लागायचं. एवढं तरी जग सुधारलं. गुलबर्ग्याला नर्सिंग शिकली आणि तिथल्याच एका मोठ्या दवाखान्यात लागली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. गावातलं कुणीही आजारी पडलं की आधी तिला फोन, मग डॉक्टर. डॉक्टरशी कन्नड, पठाणांच्या म्हाताऱ्यांशी दखनी, आमच्याशी मराठी, आणि घाईत असली की तिन्ही एकाच वाक्यात. लग्न केलं नव्हतं. कामून केलं नाहीस म्हणून भागूनं एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाली, "मामी, सासूची लई भीती वाटत होती. आता बगा, दवाखान्यानं आणून दिली."

ही सासू म्हणजे काँप्युटर. चाकाच्या गाडीवर बसवलेला, खाटेखाटेला ढकलत न्यायचा. पूर्वी पेशंटच्या पायथ्याशी कागद लटकायचा, सिस्टर त्यावर पेनानं लिहायची आणि जायची. आता औषध दिलं, लघवी झाली, कूस बदलली, ताप बघितला, सगळं त्या गाडीला सांगायचं. वेळेवर नाही सांगितलं तर पेशंटचं नाव लाल होतं. लाल झालं की वरच्या साहेबाला कळतं आणि साहेब फोन करतो. ती गाडी आली तेव्हा जुन्या सिस्टरा रडल्या म्हणे. सुजाता रडली नाही. सगळ्यांत आधी तीच शिकली आणि बाकीच्यांना तिनंच शिकवलं. पण नाव ठेवलं सासूबाई. "सगळं विचारती," म्हणायची, "तू जेवलीस का एवढं मातर विचारत न्हाई."

तिचा त्या यंत्रावर राग होता असं कुणी समजू नये. एकदा आमच्या समोरच ती एका माणसाला गोळी देणार, तेवढ्यात यंत्र ओरडलं, ह्याला ही गोळी चालत नाही म्हणून. ती तिथंच थांबली. गोळी परत ठेवली आणि काँप्युटरच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "शाबास सासूबाई. आज घर राखलंस." मग भागूकडं वळून सांगितलं की कागद असता तर माणूस गेला असता, कागद ओरडत नाही.

तिचं एक वाक्य होतं. नव्या पोरी गाडीकडं तोंड करून पेशंटशी बोलायला लागल्या की ती मागून जायची आणि गाडीचा पडदा पोरीच्या हातातून काढून भिंतीकडं फिरवायची. "आधी माणूस, मग सासू." हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की घरी येऊन मीही म्हणायला लागलो असतो.

भागूला छातीत कफ झाला होता, न्यूमोनिया. मुडबीच्या डॉक्टरनं हात टेकले तेव्हा तिला गुलबर्ग्याला नेलं. बायकांचा वॉर्ड मोठा, खाटांच्या दोन रांगा समोरासमोर. पहिल्याच दिवशी एक परमुलखातली नवी पोर गाडी घेऊन आली. तिला मराठी येत नव्हतं. यंत्रात लिहिल्याप्रमाणं ती भागूला विचारायला लागली, तुमचं नाव काय, नवऱ्याचं नाव काय. भागू नवऱ्याचं नाव घेईना. मी शेजारीच उभा. पोर पुन्हा पुन्हा विचारायलीय, भागू पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघायलीय आणि तिकडं यंत्र लाल व्हायलंय. मी सांगतो म्हणलं तर पोर ऐकेना, पेशंटनंच सांगायचं असा नियम.

सुजाता आली. पाय धरले. हसली. म्हणाली, "मामी, नाव नका घेऊ. उखाणा घ्या."

भागूनं माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं बघितलं. मग ती खोकत खोकत म्हणाली, "तुरीच्या वरणात हिंगाची पुडी, नागोरावाचं नाव घेते, सुई दे थोडी."

सगळा वॉर्ड हसला. समोरच्या खाटेवरची गौसियाबी, आळंदकडची, साखरेची पेशंट, ती तर दात नसलेलं तोंड उघडून हसली आणि म्हणाली, "वा गे अम्मा, मेरे कू बी सिखा." माझं नाव भागूच्या तोंडून मी लग्नात ऐकलं होतं, त्यानंतर तिथं. आणि ते यंत्रासाठी.

दुखणं किती, हे विचारायची पण तऱ्हा होती. दहापैकी किती ते सांगा. भागू म्हणायची, "बारा आणे." पोर आ करून बघायची. सुजाता लांबूनच ओरडायची, "बारा आणे म्हंजे साडेसात. अर्धं घेत न्हाई ती, आठ लिही." दोन दिवसांनी भागू म्हणाली चार आणे, तेव्हा सुजातानं गाडी सोडून टाळी वाजवली.

आता मनगटाच्या पट्टीचं सांगतो, कारण सगळं तिथं येऊन अडकतं. दवाखान्यात गेलं की मनगटाला एक पट्टी बांधतात, तिच्यावर काळ्या रेघा. सिस्टर त्या रेघांवर यंत्राचा लाल उजेड पाडते, टीं वाजतं आणि यंत्राला कळतं की हीच ती बाई, हिलाच औषध द्यायचं. चांगली सोय आहे. पण सलाईननं भागूचा हात सुजला. त्या हातात तिच्या हिरव्या बांगड्या. काढायला गेलं तर निघेनात, आणि फोडू द्यायला ती तयार नाही. "माझा मालक जित्ता हाय. बांगड्या फुटल्या तर मी उठून घरी जाईन," म्हणाली. बांगड्या एकीकडून दाबायच्या, पट्टी दुसरीकडून रुतायची, कातडं सोलायला लागलं. सुजातानं पट्टी कात्रीनं कापली आणि बँडेजच्या चिंधीनं खाटेच्या दांडीला बांधली. त्या वॉर्डात बऱ्याच म्हाताऱ्यांच्या पट्ट्या अशाच दांडीला होत्या. गौसियाबीचीही होती. पेशंटला झोपेतून उठवायला नको, हात ओढायला नको, दांडीवर उजेड पाडला की टीं. ही तऱ्हा सुजातानंच काढली होती, म्हाताऱ्यांच्या कळवळ्यानं.

भागूला औषधानं गुण आला, पण झोप येईना. डॉक्टरला कारण सापडेना. मला माहीत होतं. तिची खाट अशी की डोकं उत्तरेच्या भिंतीला आणि पाय दक्षिणेला. आमच्यात दक्षिणेला पाय करून माणूस मेल्यावर ठेवतात. भागू डोळे मिटायची आणि दचकून उठायची. म्हणायची, "मला ताटीवर घातल्यावाणी वाटायलंय ओ." खाट फिरवता येईना, मागच्या भिंतीत नळ्या बसवलेल्या.

सुजाताला सांगितलं तर ती आधी चिडली. "दिशा बगून मरण येतंय व्हय, मामी? आमच्या लोकांनी हे सगळं कवाच सोडलं." भागू पाय पोटाशी घेऊन बसली. सुजाता त्या आखडलेल्या पायांकडं बघत राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझा इश्वास न्हाई मामा. पण मामीला झोप पायजे."

समोरच्या रांगेत डोकी दक्षिणेला, पाय उत्तरेला. तिनं गौसियाबीला विचारलं. गौसियाबी म्हणाली, "मेरे कू क्या बेटी, कहीं बी सुला दे." खाट बदलायची तर यंत्रात वरच्या साहेबाची परवानगी लागते. सुजातानं मागितली. साहेब बैठकीत होता. ती थोडा वेळ थांबली, भागूकडं बघितलं आणि म्हणाली, "आधी माणूस, मग सासू." दोघी म्हाताऱ्यांना तिनं स्वतः हाताला धरून इकडची तिकडं केलं. उश्या, डबे, पिशव्या सगळं हललं. दांडीच्या पट्ट्या सोडून इकडच्या तिकडं बांधायच्या आणि गाडीत लिहायचं, एवढं राहिलं. तेवढ्यात टोकाच्या खाटेवरच्या बाईला झटके आले आणि सुजाता तिकडं पळाली. त्या बाईला खाली आयसीयूत नेलं, ही बरोबर गेली. तिथंच तिची कामाची पाळी संपली.

भागू नव्या खाटेवर पडली. पाय उत्तरेला. माझ्याकडं बघून हसली. तिला जेवण गेलं नाही, दोन घास खाऊन ताट सारलं. बाप्यांना तिथं थांबू देत नाहीत, म्हणून मी निघालो. दारातून वळून बघितलं तर डोळे मिटलेले. मला इतकं बरं वाटलं. बाहेर चहा पिताना पोराला फोन करून सांगितलं, तुझ्या आईला आज झोप लागली.

सकाळी ती उठली नाही. अंग घामानं भिजून गार. डॉक्टर म्हणाले वय झालं होतं, हृदय बंद पडलं. आम्ही पण तेच म्हणलो. वय तर झालंच होतं. गावी आणलं आणि जाळलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो तर सुजाता अंगणात उभी. ओट्यावर चढेना. पाहुण्यांनी चल म्हणलं तरी चढेना. मी खाली गेलो. तिचं तोंड असं झालेलं की मला वाटलं हिच्याही घरचं कुणीतरी गेलं.

ती म्हणाली, "मामा, मामीला साखर उतरवायची सुई दिली गेली. गौसियाबीची सुई. मामीला साखर नव्हती, जेवलीबी नव्हती. त्यानं गेली ती."

मला कळेना. मी म्हणलो, कोण म्हणतं?

"कोणच म्हणत न्हाई. यंत्रात सगळं बरोबर हाय. म्हणून मी सांगायलेय."

मग तिनं सगळं उलगडलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेली तर गौसियाबीची साखर चढलेली आणि गाडीत लिहिलेलं की रात्रीची सुई दिली. गौसियाबीला विचारलं, तर ती म्हणाली, सुई कुणी दिलीच नाही, बरं झालं म्हणून मी गप पडले. भागूच्या नव्या खाटेच्या दांडीला गौसियाबीची पट्टी तशीच राहिली होती, नव्या पोरीनं तिच्यावर उजेड पाडला. टीं वाजलं. गौसियाबीची साखर दुपारीच तपासून लिहिलेली होती, म्हणून रात्री बघितली नाही. खाटेवर एक म्हातारी होती आणि तिनं हात पुढं केला. सुई दे थोडी. दवाखान्यात सुई कशाची म्हणून आमची बायामाणसं विचारत नाहीत. यंत्राला म्हातारी दिसत नाही, दांडी दिसते.

मी तिला काय बोललो ते आठवत नाही. शिवी दिली असेल. हात उचलला नाही एवढं नक्की, कारण हात उचलायची ताकदच नव्हती. ती ऐकत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "मामा, दवाखान्यात चला. तक्रार द्या. माझं नाव घालून द्या. तुमी न्हाई दिली तर ते दाबतील आणि पट्ट्या तशाच दांडीला राहतील."

गेलो. मोठ्या साहेबाच्या खोलीत ती माझ्या शेजारी उभी, मी खुर्चीवर. साहेबानं पडदा माझ्याकडं फिरवला. अक्षरं इंग्रजी, मला काय कळणार? त्यानं वाचून दाखवलं. भागीरथा, खाट तीच जुनी, उत्तरेकडच्या भिंतीची. औषध वेळेवर घेतलं. दुखणं दोन. पेशंट शांत झोपली. सगळं हिरवं, कुठंही लाल नाही. साहेब सांगत होता की आमच्याकडं काही चुकलेलं दिसत नाही.

मी त्या पडद्याकडं बघत बसलो. आम्ही इथं तिची राख नदीत सोडून आलो, आणि तिथं भागू अजून त्याच खाटेवर होती, दक्षिणेला पाय करून. तिथं ती कधी हललीच नव्हती. तिनं तोंडात न घातलेली गोळी तिनं घेतली होती. माझ्या अंगावर जो काटा आला तो तिच्या चितेसमोर आला नव्हता.

साहेब सुजाताला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. मला थोडं कळतं. इतकी वर्षं नोकरी झाली, स्वतःच्या हातानं कामून घालवतीस, असं. यंत्रात तुझं नाव कुठंच नाही, असं.

ती मराठीतच बोलली, मला कळावं म्हणून. "नाव न्हाई म्हणूनच मी आलेय, साहेब. ती पोर नियमानं वागली. नियम मी मोडला. पट्टी मी सोडवली हातातून, खाट मी बदलली, आणि लिहायचं मी ठेवलं. यंत्राला मी आंधळं केलं. ते काय करंल?"

मला तक्रारीचा कागद दिला. एक कारकून कन्नडमध्ये लिहीत गेला, मी सांगत गेलो. सुजाताचं नाव आलं तिथं तो थांबला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणलो, लिही. खाली सही केली. नंतर जिना उतरताना कठडा धरावा लागला, आणि दुसरी बाजू सुजातानं धरली. मी तिला झिडकारलं नाही. धरूही दिलं असं नाही. ती धरून होती.

तिची नोकरी गेली. त्या पोरीची राहिली. पट्ट्या परत मनगटाला आल्या का ते मी कुणाला विचारलं नाही, पण आळंदचा एक सोयरा आईला घेऊन गेला होता, तो म्हणाला, आता सुजलेला हात असला तर पायाला बांधतात. घोट्याला. मी म्हणलो, पायाला व्हय?

तुरी काढायच्या दिवसांत ती शेवटची आली. मी अंगणात बाजेवर उन्हाला पडलो होतो. हातात पिशवी, बसला जायची घाई. बीदरला कुणाच्या तरी घरी एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी, तिच्यापाशी राहून तिचं बघायचं काम मिळालं होतं. मी विचारलं, "तिथं सासूबाई न्हाई ना?" टोमणा होता, तोंडातून गेला.

ती म्हणाली, "न्हाई. माझं चुकलं तर लाल होणारं कुणीच न्हाई तिथं. त्याचंच भ्या वाटायलंय मामा."

ती झोप लागते का म्हणून विचारायली, मी नाही म्हणलं. मग तिची नजर बाजेवर गेली आणि तिथंच थांबली. भागू गेल्यापासून बाज कुठं पडलीय, कशी पडलीय, मी कधी बघितलं नव्हतं. माझं डोकं गोठ्याकडं आणि पाय सरळ दक्षिणेला.

तिनं पिशवी खाली ठेवली. वाकून बाजेचा खूर धरला. उचलला नाही. धरून तशीच वाकलेली राहिली.

"फिरवू का, मामा?"

भागूच्या वेळी तिनं असं थांबून विचारलं नव्हतं. लांब रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मग मी उठलो, दुसऱ्या अंगाचा खूर धरला आणि आम्ही दोघांनी बाज फिरवली. जड नव्हती, सुंभाची बाज ती. पण तिला धाप लागली, मलाही लागली.

मी परत पडलो. कांबळं पायावरून काढलं. ती पायथ्याशी उभी होती, बसकडं पाठ करून, दोन्ही हात काखेत दाबून ऊन करत.